‘एथिकल’ अंगठी घ्यायची तर नेमकं विचारायचं काय?

निळी_शाई

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

एक अंगठी करून घ्यायची आहे. साधी, चारेक ग्रॅमची, अठरा कॅरेट, जमलं तर वर एक छोटा खडा. रोज बोटात राहणार, म्हणून तिच्यापायी कुणाची नदी नासलेली किंवा कुणाचं पोर खाणीत उतरलेलं नसावं एवढीच अट. अट साधी वाटली होती.

तीन विक्रेत्यांशी बोलले. पहिल्याने "आमचं सगळं सर्टिफाइडच असतं" म्हणत शुद्धतेचा शिक्का दाखवला. दुसरा म्हणाला, "कॉन्फ्लिक्ट फ्री आहे, बिलावर लिहून देतो." तिसऱ्याच्या वेबसाइटवर हिरवं पान, "शंभर टक्के रीसायकल्ड" वगैरे. त्यांना मेल टाकली, की रीसायकल्ड म्हणजे कुठून आलेलं? उत्तर आलं, "आमच्या विश्वासू पुरवठादारांकडून."

तर विचारायचं काय आणि कोणत्या उत्तरावर विश्वास ठेवायचा? धंद्यातली, खाणींची माहिती असलेली मंडळी इथे आहेत, म्हणून इथेच विचारतेय. "मग घेऊच नका" हा सल्ला मिळेल याची कल्पना आहे, तो मी स्वतःलाच देऊन झालाय.

शंकासुर

मग घेऊच नका.

(राहवलं नाही. गंभीर प्रतिसाद नंतर.)

मूसवाला

सोनारकामात सव्वीस वर्षं झाली, त्या अनुभवावरून लिहितो.

शिक्का सोन्याचा कस सांगतो, गाव सांगत नाही. अठरा कॅरेट म्हणजे हजारात साडेसातशे भाग सोनं, एवढाच त्याचा अर्थ. ते सोनं कुठल्या डोंगरातून आलं हे शिक्का मारणाऱ्यालाही माहीत नसतं. खाणीतून निघालेल्या कच्च्या सोन्यात चांदी, तांबं, बाकीचे बारीकसारीक धातू असतात, त्यावरून जाणकाराला थोडाफार माग लागतो. पण रिफायनरीतून शुद्ध होऊन बाहेर आलं की या खाणीचं आणि त्या खाणीचं सोनं सारखंच. पुढे आमच्या मुशीत आणखी चार ठिकाणचं एकत्र होतं. त्यामुळे कुणी दागिना हातात धरून "हे स्वच्छ सोनं" म्हणाला तर तो दागिन्याकडे बघून बोलत नाहीये. त्याच्यामागे कागद असला तर असला.

आणि ते "रीसायकल्ड". अहो, सोनं कुणी कधी केरात टाकलंय का? माझ्या टेबलाखाली चामड्याची झोळी बांधलेली असते, कानस मारली की कीस तिच्यात पडतो. संध्याकाळी झाडलेला केर वेगळ्या डब्यात. पॉलिशच्या चाकाची धूळ, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, पुसायचे फडके, दारातलं पायपुसणंसुद्धा, सगळं साठवायचं आणि झारेकऱ्याला द्यायचं. तो ते जाळतो, धुतो, गाळतो आणि त्यातून सोनं काढतो. हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. त्याला हिरवं पान लावायचं कुणाला सुचलं नव्हतं इतकंच.

अर्धविराम

झारेकरी हा शब्द किती वर्षांनी वाचला! प्रतिसाद आवडला. पण मग रीसायकल्ड घेणं वाईट का? माझ्या डोक्यात तरी तोच सगळ्यात सोपा उपाय होता.

हिशेबनीस

वाईट नाही, पण त्याने व्हायला हवं ते होत नाही. आकडे बघा. जगभरच्या खाणींतून दरवर्षी साधारण ३,६०० टन सोनं निघतं. मोडीतून, म्हणजे लोकांनी विकलेल्या जुन्या दागिन्यांतून वगैरे, हजार ते चौदाशे टन परत बाजारात येतं. म्हणजे एकूण पुरवठ्यात पाव भाग किंवा थोडा जास्त मोडीचाच असतो, तुम्ही मागा किंवा न मागा. मोड किती येणार हे ठरतं भावावर. भाव चढला की लोक जुनं विकायला काढतात, उतरला की कपाटात ठेवतात. तुम्ही रीसायकल्ड अंगठी घेतली तर ती मोड तुमच्याकडे आली आणि शेजारच्याला खाणीचं सोनं गेलं. खाण एक ग्रॅमही कमी खणत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. कुठलंही सोनं एकदा वितळवून, वेडंवाकडं कडं ओतून "मोड" म्हणून विकता येतं. मग त्याचं मूळ विचारायचं कारणच संपतं, कारण मोडीचं मूळ म्हणजे "ग्राहक". बेकायदा खाणीतलं सोनं धुवून घ्यायला याहून सोपी वाट नाही. त्यात कारखान्यात कापताना उरलेले तुकडे, गुंतवणुकीची बिस्किटं वितळवलेली, हेही बरेच जण "रीसायकल्ड" मध्ये धरतात. मुंबईहून पुण्याला पाठवून परत आणलेल्या पाकिटाला "प्रवासवर्णन" म्हणण्यातला प्रकार.

पॅन्डोरासारख्या मोठ्या दागिन्यांच्या कंपनीने आपल्या कारखान्यांत फक्त रीसायकल्ड सोनं-चांदी वापरत असल्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं. नव्या खाणकामाच्या तुलनेत त्यांच्या स्वतःच्या हिशेबात कार्बन कमी दिसतो हे खरं. जगाच्या हिशेबात किती कमी झाला, हा वेगळा प्रश्न.

अर्धविराम

पाकिटाचं उदाहरण 😄

रानवाट

टोकियो ऑलिम्पिकची पदकं जुन्या फोन-लॅपटॉपमधून काढलेल्या धातूची होती, ते खरं रीसायकलिंग म्हणता येईल ना? जवळजवळ ७९,००० टन उपकरणं गोळा केली आणि सुमारे ३२ किलो सोनं मिळालं. ते सोनं नाहीतर खरंच केरात गेलं असतं.

हिशेबनीस

हो, ते मान्य. विक्रेत्याने "ई-कचऱ्यातून" असं म्हटलं आणि कोणत्या रिफायनरीतून हे सांगितलं, तर तो दावा वजनदार आहे.

शंकासुर

आता गंभीर. एक अंगठी म्हणजे २० टन खाणकचरा असं सगळीकडे वाचतो. हे कुणी मोजलं? मला तर हा फिरत राहिलेला आकडा वाटतो.

खडकू

(भूशास्त्राचा विद्यार्थी, आता खनिजांच्याच कामात.)

फिरता आकडा आहे, पण हवेतला नाही. मोठ्या खुल्या खाणींत टनाला एक-दीड ग्रॅम सोने असले तरी खाण चालते. धागाकर्तीची अंगठी ४ ग्रॅमची, १८ कॅरेट, म्हणजे शुद्ध सोने ३ ग्रॅम. टनाला एक ग्रॅम धरले तर तीन टन धातुक (म्हणजे सोने असलेला खडक) दळायचे, आणि काढताना थोडे वाया जाते म्हणून जरा जास्तच. त्या धातुकापर्यंत पोहोचायला वरचा निकामी खडक काढावा लागतो, तो धातुकाच्या दुप्पट-तिप्पट सहज. म्हणजे दहा-बारा टन. अंगठी जड असेल, खाण गरीब असेल, तर वीस. खाण श्रीमंत असेल तर त्याच्या एक दशांश. एकच आकडा सगळ्या अंगठ्यांना लावणे चूक.

आणि खडक किती उपसला यापेक्षा त्याच्यावर काय ओतले हे महत्त्वाचे. मोठ्या खाणीत सायनाइड वापरतात. रुमानियात बाया मारे इथे ३० जानेवारी २००० रोजी बांध फुटला आणि सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी नद्यांतून पुढे डॅन्यूबपर्यंत गेले. सायनाइड उन्हात आणि हवेत विघटित तरी होते. पारा होत नाही.

पाऱ्याची गोष्ट छोट्या, हातच्या खाणींची. मी एकदा शेजारी उभा राहून पाहिले आहे. धुतलेल्या काळ्या वाळूत पारा ओततात आणि हाताने कालवतात, पीठ भिजवल्यासारखे. पारा सोन्याचे कण धरतो. मग ते फडक्यात घेऊन पिळायचे, जास्तीचा पारा कापडातून टपटप खाली पडतो आणि आत करवंदाएवढी राखाडी गोळी उरते. तिच्यात सोने निम्मे असेल-नसेल. ती गोळी पत्र्यावर ठेवून खालून जाळ. धूर दिसतही नाही नीट. पाहता पाहता राखाडी गोळी पिवळी होते आणि सगळे आनंदाने वाकून बघतात. त्या वाकण्यातच सगळे आले. पारा ३५७ अंशांना उकळतो, वाफ थेट छातीत. उरलेला नदीत, गाळात त्याचे मिथाइल पारा हे जास्त विषारी रूप होते, माशात चढते, आणि मासे खाणाऱ्यांत खाण न पाहिलेली माणसेही असतात.

माणसांनी हवेत सोडलेल्या एकूण पाऱ्यापैकी सुमारे ३८ टक्के या छोट्या सोनेखाणींतून येतो, असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेचा २०१८ चा आढावा सांगतो. कोळशापेक्षा जास्त.

निळी_शाई

वाचून काटा आला. म्हणजे छोट्या खाणीतलं सोनं टाळायचं, असंच ना?

खडकू

नाही! नेमके उलटे म्हणायचे होते, प्रतिसाद अर्धवट पाठवला गेला.

जगात दीड कोटीच्या आसपास माणसे हातखाणकामात आहेत, त्यांत बायका-मुलेही बरीच. जगाच्या सोन्याचा साधारण पाचवा भाग त्यांच्या हातून येतो. त्यांचे सोने "नको" म्हटले तर ती माणसे खणायची थांबत नाहीत. सोने फक्त अधिक अंधाऱ्या वाटेने जाते, दलालाला स्वस्तात पडते आणि कुठल्यातरी मोठ्या व्यापारी केंद्रात पोहोचून कागदोपत्री स्वच्छ होते.

नायजेरियात झाम्फारा प्रांतात २०१० मध्ये काय झाले ते बघा. तिथल्या धातुकात शिसे भरपूर होते. गावकरी तो खडक घरी आणून, धान्य दळायच्या यंत्रात दळत. पाच वर्षांखालची किमान ४०० मुले शिशाच्या विषबाधेने गेली. बहिष्काराने तिथे काय साधले असते? तिथे हवे होते ओले दळण, गावाबाहेर दळण, आणि कुणीतरी वेळेत येऊन रक्त तपासणे.

पाऱ्याला पर्याय आहेत. झाकणाचे भांडे वापरले तरी बरीचशी वाफ थंड करून परत मिळते, पाऱ्याचा खर्चही वाचतो. फिलिपिन्समधल्या बेंगेट भागात पारा न घालता टाकणखार (बोरॅक्स) वापरून सोने वितळवतात, काही दशकांपासून. मात्र आधी वाळू चांगली धुऊन सोने बरेच दाट करावे लागते. प्रत्येक धातुकाला ते जमत नाही.

मूसवाला

टाकणखार! तो तर आमच्या रोजच्या वापरातला. मुशीत चिमूटभर टाकला की मळ वर येतो. खाणीतही चालतो हे आज कळलं.

रानवाट

मग निळी_शाईने घ्यायचं काय? "फेअरमाइन्ड" आणि "फेअरट्रेड गोल्ड" याबद्दल कुणी लिहील का?

खडकू

दोन्ही शिक्के छोट्या खाणकामगारांच्या संघटनांसाठी आहेत. बालमजुरी नाही, पारा वापरलाच तर बंदिस्त आणि नियमात, आणि बाजारभावावर वरची रक्कम संघटनेला. फेअरट्रेडमध्ये ती किलोला २,००० डॉलर, फेअरमाइन्डमध्ये ४,००० डॉलर, आणि पारा-सायनाइड अजिबात न वापरणाऱ्यांना त्याहून जास्त. तुमच्या ३ ग्रॅमला हिशेब केला तर फेअरमाइन्डचे १२ डॉलर होतात. अंगठीच्या किमतीत ते कुठल्याकुठे विरघळतात.

अडचण एकच, हे सोने फार थोडे आहे. वर्षाचे काहीशे किलो कुठे आणि ३,६०० टन कुठे. पण "माझ्यामुळे काही बदलले का" या प्रश्नाला ज्याचे उत्तर हो येते, असे माझ्या माहितीत हेच.

शंकासुर

आणि हिरे? किम्बर्ली प्रोसेस आहे म्हणजे तो प्रश्न मिटला ना?

पैलू

कच्च्या मालाच्या वर्गवारीचं काम अकरा वर्षं केलं, आता धंद्याबाहेर आहे म्हणून मोकळेपणाने लिहिते.

किम्बर्ली प्रोसेस, म्हणजे कच्च्या हिऱ्यांच्या व्यापाराला प्रमाणपत्र देणारी देशादेशांतली व्यवस्था, १ जानेवारी २००३ पासून लागू झाली. सिएरा लिओन, अंगोला इथल्या युद्धांत बंडखोर हिऱ्यांवर बंदुका घेत होते, ते थांबवायला. तेवढ्यापुरती ती उपयोगी पडली, नाकारू नये. पण तिची व्याख्याच तेवढी आहे: वैध सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना पैसा पुरवणारा कच्चा हिरा म्हणजे कॉन्फ्लिक्ट डायमंड. सरकारच्याच सैनिकांनी गोळ्या घातल्या तर? झिंबाब्वेत मारांगेच्या हिरेक्षेत्रात २००८ मध्ये लष्कराने खाणकामगारांवर गोळीबार केला, ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे २०० हून जास्त माणसं मेली. व्याख्येत ते बसत नव्हतं. २०११ च्या नोव्हेंबरात मारांगेच्या निर्यातीला परवानगी मिळाली आणि डिसेंबरात ग्लोबल विटनेस ही संस्था, जिने हा विषय जगापुढे आणला होता तीच, प्रक्रियेतून बाहेर पडली. व्याख्या बदलायची तर सगळ्या देशांचं एकमत लागतं. ते होत नाही.

शिवाय ते प्रमाणपत्र एकेका हिऱ्याचं नसतं, कच्च्या मालाच्या सीलबंद पेटीचं असतं. जगातल्या दर दहा हिऱ्यांतल्या नऊच्या आसपास हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात. पेटी उघडली, माल चाळण्यांवरून गेला, आकार-रंगाप्रमाणे कागदाच्या पुड्यांत विभागला गेला, की कोणती पेटी आणि कोणता देश? पुढे दुकानापर्यंत जे येतं ते बिलावरचं एक वाक्य. धागाकर्तीला दुसरा विक्रेता "बिलावर लिहून देतो" म्हणाला ते हेच. ते खोटं असतं असं मी म्हणत नाही. ज्याने लिहिलं त्याला त्याच्या आधीच्याने लिहून दिलेलं असतं, आणि त्याला त्याच्या आधीच्याने.

अर्धविराम

मग लॅबग्रोन! विषय संपला. खाण नाही, युद्ध नाही, स्वस्तही.

पैलू

संपला नाही हो. लॅबमधला हिरा हिराच, तो नकली नाही, हे आधीच सांगते. जनरल इलेक्ट्रिकने १९५४ मध्ये पहिल्यांदा खात्रीने बनवला. एक पद्धत प्रचंड दाब आणि १,३०० अंशांच्या वर तापमानाची, दुसरी मिथेन-हायड्रोजनच्या प्लाझ्मातून थरावर थर चढवायची. दोन्हींत वीज लागते, दुसरीत यंत्र आठवडेच्या आठवडे अखंड चालतं. वीज कोळशाची असेल तर "हिरवा" म्हणवत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये आठ कंपन्यांना पत्रं धाडली, त्यात पुराव्याशिवाय "इको-फ्रेंडली" म्हणू नका, हेही सांगितलं होतं. तेव्हा लॅबचा घ्यायचा तर वीज कुठली, हे विचारा. सौर किंवा जलविद्युत असेल तर कागद दाखवतील, चांगले असतील तर अभिमानाने दाखवतील.

दुसरी बाजू म्हणजे बोत्स्वाना. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा अतिगरीब देशांत मोजला जायचा. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. खाणकंपनीत सरकारचा निम्मा वाटा, आणि त्या पैशातून शाळा, रस्ते, दवाखाने झाले. हिऱ्याची मागणी पडली की पहिला फटका तिथे बसतो. मी खाणीची वकिली करत नाहीये. "खाण म्हणजे रक्त, लॅब म्हणजे पुण्य" हे मात्र मला पटत नाही.

हिशेबनीस

प्लॅटिनमचं कुणी काढलंच नाही?

खडकू

मारिकाना, दक्षिण आफ्रिका, १६ ऑगस्ट २०१२. पगारवाढीसाठी संपावर असलेल्या ३४ प्लॅटिनम खाणकामगारांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. चांदीचेही सांगून टाकतो: ती बहुतांश शिसे, जस्त, तांबे यांच्या खाणींत जोडउत्पादन म्हणून निघते, त्यामुळे "चांदीची खाण" शोधायला गेलात तर ती दुसऱ्याच धातूची निघते.

शंकासुर

रंगीत खडे उरले. एकेक धातू-खडा बाद करत निघालोय आपण.

पैलू

रंगीत खड्यांना तर किम्बर्लीएवढंही काही नाही. जेड म्हणाल तर म्यानमारमधल्या ह्पाकांतला २ जुलै २०२० रोजी खाणकचऱ्याचा डोंगर घसरला, १७० च्या वर माणसं गेली. तीही कंपनीची माणसं नव्हेत, टाकलेल्या ढिगाऱ्यात तुकडे वेचणारी.

आणि नुसती खाणच बघू नका. गुजरातेत खंबातला अकीक घासणाऱ्या कारागिरांत सिलिकोसिस (धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार) किती, यावर डॉक्टरांनी वर्षानुवर्षं लिहिलंय. अकीक म्हणजे गारगोटीच्याच जातीचा दगड, कोरडा घासला की त्याची भुकटी छातीत जाऊन बसते आणि परत येत नाही. बारीकसा गुळगुळीत मणी, त्याची खाण अगदी निर्धोक असली तरी घासणारा खोकून मरू शकतो. पाण्याखाली घासणं आणि धूळ ओढणारा पंखा, एवढ्याने बराच फरक पडतो.

मूसवाला

हे बरं काढलंत. आमच्याकडे बघायला कुणी येत नाही. झाळायला पूर्वी कॅडमियम मिसळलेला जोड (सांधा जुळवायचा मिश्रधातू) सर्रास वापरायचे, कारण तो छान वाहतो आणि सांधा दिसत नाही. त्याचा पिवळसर-तपकिरी धूर बंद खोलीत आम्हीच ओढला. माझ्या उस्तादांची छाती त्यानेच गेली असं मला वाटतं, डॉक्टरने लिहून दिलेलं नाही. आता जस्ताचे, इतर धातूंचे जोड मिळतात. म्हणून निळी_शाई, खाणीबद्दल विचाराल तेव्हा "जोड कॅडमियमचा नाही ना आणि धूर ओढायला पंखा आहे का" हेही विचारा. या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल, मेलची गरज नाही.

निळी_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस गायब होते कारण तुमच्या प्रतिसादांतून प्रश्न काढून पुन्हा तिघांना पाठवले: सोनं कोणत्या रिफायनरीचं, तिचं शेवटचं ऑडिट कधीचं, "रीसायकल्ड" मध्ये काय काय धरता, जोड कसला.

पहिल्याने उत्तर दिलं नाही. हिरव्या पानवाल्यांनी तेच वाक्य पुन्हा पाठवलं, "विश्वासू" च्या जागी "जबाबदार" घालून. बिलावर लिहून देणाऱ्याने मात्र फोन केला. म्हणाला, रिफायनरीचं नाव देतो, बिस्किटावर शिक्का असतो तो दाखवतो, ऑडिटचं मला माहीत नव्हतं, विचारून सांगतो. आणि म्हणाला, "वीस वर्षांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

हिशेबनीस

हाच तुमचा माणूस. लंडन बुलियन मार्केटच्या मान्यताप्राप्त यादीतल्या रिफायनऱ्यांना २०१२ पासून सोर्सिंगचं, म्हणजे सोनं कुठून घेतलं याचं, ऑडिट करून घ्यावं लागतं आणि यादी उघड आहे, नाव मिळालं की ताडून बघा. युरोपियन युनियनचा धातूचं मूळ तपासायला लावणारा १ जानेवारी २०२१ पासूनचा कायदा धातू आयात करणाऱ्यांना लागू होतो, तयार दागिन्याला नाही, त्यामुळे "युरोपात विकतो म्हणजे तपासलेलं" हे कुणी म्हटलं तर भुलू नका.

निळी_शाई

बघते. पण आणखी एक. हे सगळं वाचताना कपाटातलं एकुलतं एक कानातलं आठवलं, जोडीतलं दुसरं कधीच हरवलंय. शिवाय तुटलेली साखळी आहे. मिळून पाच ग्रॅम भरतात. मूसवाला, यातूनच अंगठी होईल का? खड्याचा नाद सोडला.

मूसवाला

होईल की. तीन गोष्टी सांभाळा. "माझंच सोनं, वेगळ्या मुशीत, माझ्यासमोर" असं आधी ठरवून घ्या, नाहीतर तुमचं डब्यात जाईल आणि डब्यातलं तुम्हाला मिळेल. साखळीला झाळलेले सांधे फार असतात, त्यामुळे आटवल्यावर कस थोडा उतरेल. तपासून घ्या आणि कमी भरला तर वरून शुद्ध सोनं घालून अठराला आणायला सांगा. सांधे जुने असतील तर त्यात कॅडमियम असू शकतं, तेव्हा पंखा चालू असल्याशिवाय वितळवू देऊ नका.

आणि साखळीच्या फाशात पोलादाची बारीक स्प्रिंग असते, ती आधी काढायला लावा. चुंबक फिरवलंत की कळेल.

निळी_शाई

फिरवलं. चिकटली!